घरचा म्युझिक सर्व्हर आणि रागाचा रकाना : पार्श्वभूमी

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागात मराठी घरांनी गाणं आधी ७८ आरपीएमच्या तबकड्यांत जपलं, मग एलपीत, मग सी-९० कॅसेटींत. रेडिओवरचा शनिवार रात्रीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम टेप करून ठेवलेली घरं पुष्कळ. आता हा ठेवा तळहाताएवढ्या संगणकावर चढतो आहे.

घरच्या नेटवर्कवरून गाणी ऐकवणारा स्वतंत्र डबा २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका लहान कंपनीने आणला. पुढे त्याचं नाव स्क्वीझबॉक्स झालं. ती कंपनी मोठ्या कंपनीकडे गेली, २०१२ मध्ये डबे बंद झाले, पण गाणी पुरवणारा सर्व्हर, म्हणजे त्यामागचं सॉफ्टवेअर, मुक्तस्रोत (कुणालाही वापरता-बदलता येणारं) असल्याने टिकला. त्याच वर्षी फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला, ३५ डॉलरना. त्याच्या हेडफोन जॅकमधून तंबोरा नीट ऐकू येत नसे, म्हणून वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र, लावायची पद्धत पडली. २०१९ च्या पाय ४ मध्ये यूएसबी ३ आलं आणि मोठी डिस्क जोडणं सोपं झालं. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून गाणी वेगळ्या डिस्कवर ठेवणंच शहाणपणाचं.

यंत्राचा प्रश्न असा सुटला. नावांचा सुटलेला नाही.

१९९६ मध्ये एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची चिठ्ठी जोडायची युक्ती निघाली : आयडी३ टॅग. शीर्षक, आर्टिस्ट, आल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, आणि प्रकारासाठी ८० नावांच्या ठरीव यादीतला एक आकडा. यादीत पोल्का हे युरोपी नाचाचं संगीत होतं, ख्याल नव्हता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘ग्वाल्हेर’ हा एकच शब्द २७ बाइट घेतो. पुढच्या आवृत्त्यांत जागा वाढली, पण आर्टिस्ट-आल्बम-गाणं ही चौकट तशीच राहिली.

आपल्या कॅसेटीची एक बाजू म्हणजे एकच राग : विलंबित बंदिश, मग द्रुत, कधी तराणा. इथे आल्बम कशाला म्हणायचं? काही जण राग आल्बममध्ये घालतात, आणि एका मैफलीचे तुकडे होतात. काही जण प्रकारात घालतात, मग ख्याल, ठुमरी, नाट्यपद यांना जागा उरत नाही. आर्टिस्टच्या यादीत सगळे पंडित ‘प’खाली आणि सगळे उस्ताद ‘उ’खाली गोळा होतात, आणि तबल्याची साथ कुठेच नसते.

२००१ चं फ्लॅक हे फाइलचं स्वरूप यात एमपी३ पेक्षा उजवं ठरतं. आवाज जसाच्या तसा राहतो, आणि हवा तो रकाना काढता येतो. रकान्याचं नाव रोमन लिपीत लागतं, मजकूर देवनागरीत चालतो. मात्र सगळे प्लेअर हा रकाना दाखवत नाहीत. म्हणून राग स्वतंत्र रकान्यात हवाच, आणि शीर्षकाच्या सुरुवातीलाही हवा : ‘भूप – विलंबित’. याला दुप्पट लिहिणं म्हणून नावं ठेवणारे आहेत; मला ते पटत नाही. यमन शोधायला बसलेल्या माणसाला यमन सापडला पाहिजे.

कॅसेटच्या पुठ्ठ्यावर घरच्यांनी हेच लिहून ठेवलं होतं : आधी राग, मग मुखडा, मग गवई, कोपऱ्यात तारीख. तो पुठ्ठा आधी टिपून घ्यावा. ज्यांचे पुठ्ठे हरवले, त्या कॅसेटी घरातल्या थोरांना ऐकवून आजच राग विचारून घ्यावा.