‘समज देऊन सोडले’ ते समुपदेशन : खान्देशातल्या बालन्यायाची पार्श्वभूमी

‘मुलाला व पालकांना समज देऊन सोडण्यात आले’ हे वाक्य पोलीस ठाण्याच्या बातम्यांत अजून टिकून आहे. ही ‘समज’ जुन्या कायद्याची देणगी. 1986 च्या बालन्याय कायद्यात मुलाला उपदेश किंवा ताकीद देऊन घरी पाठवण्याची तरतूद होती. पालकांशी बोलण्याचा त्यात उल्लेख नव्हता. 2000 च्या कायद्याने त्याच तरतुदीत मुलाचे आणि आईबापांचे समुपदेशन घातले. 2015 च्या कायद्यात ते कलम 18 मध्ये आले आणि 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. शब्द बदलला, पद्धत अनेक ठिकाणी समज देण्याचीच राहिली.

त्याआधीच्या कायद्यांना घर ही अडचणच वाटे. 1850 च्या अप्रेंटिस कायद्याने 10 ते 18 वर्षांची मुले उमेदवारीत (धंदा शिकण्याच्या करारात) बांधता येत. 1897 च्या सुधारशाळा कायद्याने 15 वर्षांखालील मुलाला 3 ते 7 वर्षे घरापासून दूर ठेवता येई. 1924 च्या मुंबई बालक कायद्याने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयांची वाट उघडली. तेव्हा खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झालेले होते (1906). आजचे जळगाव आणि धुळे ते हेच, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून निघाला. मुंबईत 1936 मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलाच्या वागण्याची मुळे घरच्या परिस्थितीत शोधायची, ही रीत तिथून रुजली.

दुसरा धागा जास्त कडू आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अख्खी कुटुंबे जन्मतः संशयित ठरवली, पुढे मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचे अधिकारही सरकारला दिले. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आज विमुक्तांच्या यादीत असलेल्या कंजारभाट, पालपारधी यांसारख्या समाजांच्या वस्तीत सरकारी माणूस वही घेऊन शिरला की घरे गप्प होतात. अहवालात मग ‘पालक असहकार्य करतात’ असे लिहिले जाते. ते वाक्य लिहिण्याआधी एवढा इतिहास ठाऊक असावा.

आजचे काम असे चालते. किरकोळ किंवा गंभीर प्रकारातल्या कृत्यात सहसा एफआयआर होत नाही. डायरीत नोंद आणि नमुना 1 मध्ये सामाजिक पार्श्वभूमी. निर्घृण प्रकारातले (किमान 7 वर्षे शिक्षेचे) कृत्य असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असतील तरच एफआयआर. मुलाला ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालन्याय मंडळासमोर हजर करायचे; लॉकअप नाही, बेडी नाही. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक स्त्री. परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) 15 दिवसांत नमुना 6 मध्ये सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, आणि मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा नमुना 7 मध्ये. चौकशी 4 महिन्यांत संपवायची, लागल्यास आणखी 2 महिने.

गाडी अडते ती या 15 दिवसांत. मूळ गरज गृहभेटीची. ती टळली की बाप मंडळाच्या आवारातच गाठला जातो. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली, एसटीचे भाडे गेलेले. तो ‘हो साहेब’ म्हणतो आणि अहवालात ‘पालक सहकार्यशील’ उमटते. घरी गेल्यावर दिसते ते वेगळे : मुलगा शाळेतून कधी सुटला, घरात दारू कोणाची, मजूर टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) किती, मुलगा रात्री झोपतो कुठे. आई आणि बाप यांच्याशी वेगवेगळे बोलावे. बापासमोर आई बोलत नाही. पहिल्या भेटीत गुन्ह्याचा विषय काढू नये. ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) असे अहिराणीत विचारले तर निदान मान वर होते. सातपुड्यात मात्र भिली किंवा पावरी लागते, आणि दुभाषा म्हणून गावातला पोलीसपाटील बसवला तर मुलगा गप्पच राहतो.

वयाचा घोळ वेगळाच. 16 ते 18 वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यांकन होते आणि खटला मंडळाकडून बालन्यायालयाकडे जाऊन प्रौढासारखा चालू शकतो. त्यामुळे वयातल्या काही महिन्यांच्या फरकाने सगळे पालटते. आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख असते 1 जून. गुरुजींनी दाखल करताना अंदाजाने टाकलेली. वय ठरवताना कायद्यात शाळेचा दाखला आधी, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हाडांची तपासणी ही दोन्ही नसतील तेव्हाच.

बदनामीचे भय पालकांना सर्वांत जास्त. कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख छापणे गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्याच भेटीत हे सांगितले की बोलणे मोकळे होते. एरवी ‘पेपरात येईल का?’ याच प्रश्नाभोवती भेट संपते. (बातमीदारांनी ‘बालसुधारगृह’ लिहायचेही सोडावे, चौकशी चालू असलेला मुलगा असतो निरीक्षणगृहात.)

आदेशानंतरचा भाग सगळ्यांत पातळ. परिविक्षेवर (चांगल्या वर्तनाच्या अटीवर, देखरेखीखाली) 3 वर्षांपर्यंत सोडता येते, सोबत शाळा, धंदेशिक्षण किंवा व्यसनमुक्ती जोडता येते. पण दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघते आणि मुलगाही कोयता घेऊन सोबत जातो. दरमहा हजेरीची अट घातली की तिसऱ्या महिन्यात ‘गैरहजर’ शेरा पडतो, त्यावरून पुन्हा नोटीस. टोळी निघण्याआधी मुकादमाचे नाव, कारखान्याचे गाव आणि दोन फोन नंबर घेऊन ठेवावे, एक नंबर आईच्या माहेरचा. होळीला अक्कलकुवा-धडगावची माणसे काहीही झाले तरी घरी येतात. पुढची गृहभेट त्या आठवड्यात ठेवावी. सकाळी लवकर, कारण दुपारनंतर सगळा पाडा बाजाराला गेलेला असतो.