बायोमेट्रिक लॉक म्हणजे आधार लॉक नव्हे

एखाद्या कंपनीकडून ग्राहकांचा डेटा फुटला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच सल्ला फिरतो: "आधार लॉक करून टाका." खाली पाच-सहा जण "केलं" म्हणून कळवतात. बऱ्याच जणांनी लॉक केलेलं असतं ते फक्त बायोमेट्रिक.

बायोमेट्रिक लॉक बहुतेकांना माहीत आहे. मायआधार पोर्टलवर ते चालू केलं की बोटांचे ठसे, बुबुळं आणि चेहरा यांवरून होणारी पडताळणी बंद. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढ्यावर पैसे काढून देणाऱ्या एईपीएसमध्ये घुसणारा चोर त्यानं अडतो. खरेदीखतावरच्या अंगठ्यावरून बनावट ठसा तयार करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडले आहेत, तेव्हा डेटा फुटो न फुटो, हे लॉक कायम असावंच.

पण कंपनीकडून फुटतो तो बहुधा क्रमांक, मोबाइल, पत्ता, जन्मतारीख. ठसा नव्हे. बायोमेट्रिक लॉक असतानाही तो बारा अंकी क्रमांक टाकून ओटीपी मागवता येतो. ओटीपी तुमच्याच फोनवर येतो, हे खरं. पण तुमचा पत्ता आणि जन्मतारीख बिनचूक सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो आणि ओटीपी सांगितला जातो. हे दार बायोमेट्रिक लॉक बंद करतच नाही.

आधार लॉक थेट क्रमांकच बंद करतं. मग त्या बारा अंकांवर ठसा चालत नाही, ओटीपी चालत नाही, नाव-जन्मतारीख जुळवणंही नाही. चालतो फक्त व्हीआयडी, म्हणजे सोळा अंकी पर्यायी क्रमांक. नवा काढला की जुना बाद. मात्र व्हीआयडी देऊन बोट टेकवलं तर ठसा चालतो. म्हणून क्रमांक फुटला असेल तर दोन्ही लॉक लावा.

क्रम चुकवू नका: आधी व्हीआयडी, मग लॉक. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून १९४७ ला एसएमएस करा: रोमन मोठ्या अक्षरांत जीव्हीआयडी (GVID), एक जागा, आधारचे शेवटचे ४ अंक. व्हीआयडी आला की लिहून ठेवा, मग पोर्टलवर आधार लॉक करा. अनलॉक करताना तोच लागतो. हरवला तर जीव्हीआयडीऐवजी आरव्हीआयडी (RVID) लिहून तसाच एसएमएस करा.

पुण्यात हमखास अडतं ते भाडेकराराच्या वेळी. एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठा पुसून पुसून टेकवला जातो आणि मशीनला दोष दिला जातो. एरर ३३० दिसत असेल तर मशीन ठीक आहे, तुमचं बायोमेट्रिक लॉक आहे; काही मिनिटांपुरतं उघडा. आधार लॉक असेल तर व्हीआयडी चालेल का ते एजंटला आदल्या दिवशीच विचारा, नाहीतर आधी अनलॉक करा.

आधारच्या झेरॉक्सवर यांतलं एकही लॉक चालत नाही, पॅनवर काढलेल्या कर्जावरही नाही. त्यासाठी क्रेडिट रिपोर्ट पाहा. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांना तो वर्षातून एकदा फुकट द्यावा लागतो. मायआधार पोर्टलवरच्या पडताळणीच्या इतिहासात गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसतात, त्यात अनोळखी काही आहे का तपासा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये केला. तक्रारीची पोच जपून ठेवा.