ओल दिसते तिथे गळती नसते

ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकातली कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, बघायला गेलात, तर गाद्या आणि पडदे राहू द्या. आधी कपाट उघडून खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठा दाबा. भिंत दबली, कुबट वास आला, तर आतलं लाकूड गेलं म्हणून समजा.

बाहेरून पत्र्याची वाटणारी ही जुनी गाडी बहुतेक वेळा लाकडी सांगाड्यावर उभी असते. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे थर्मोकोल, आतून प्लायवूड. छताचा पत्रा बाजूच्या पत्र्याला मिळतो त्या सांध्यावर ॲल्युमिनियमची लांब पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. तिला ऑनिंग रेल म्हणतात. पण पाणी अडवतो तो तिच्याखालचा मॅस्टिकचा, म्हणजे सांधे बुजवायच्या मऊ लुकणाचा थर. पट्टी त्याला नुसती दाबून धरते.

या थराचे हाल ऊन करतं. 1 मीटर ॲल्युमिनियम दर अंशाला 0.023 मिलिमीटर वाढतं. 5 मीटरची पट्टी गोठलेल्या पहाटेपासून तापलेल्या दुपारपर्यंत 40 अंशांनी तापली, तर साडेचार मिलिमीटर सरकायला बघते. खालचं लाकूड मात्र जवळजवळ जागचं हलत नाही. मॅस्टिक मऊ असतं तोवर ही ओढाताण सोसतं. वर्षांनुवर्षं वाळलं की त्याला तडे जातात.

आणि फट जितकी बारीक तितकी वाईट! मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या फटीत केशाकर्षणाने पाणी 15 सेंटीमीटरपर्यंत वर चढू शकतं. म्हणजे पाऊस आत नुसता पडत नाही, ओढला जातो. मग स्क्रूच्या भोकातून लाकडात उतरतो आणि लाकडालाच धरून भलतीकडे निघतो. आमच्या गाडीत ओल होती पुढच्या खिडकीखाली. आम्ही दोनदा खिडकीच सील केली. पाणी शिरत होतं ते हातभर वर, पट्टीच्या कोपऱ्यातून.

पट्टी काढली तेव्हा स्क्रू गंजून निम्मे झाले होते आणि मॅस्टिक खाऱ्या बिस्किटासारखं भुरभुरत होतं. ते प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं, पत्रा व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) पुसला, लाकूड पूर्ण वाळू दिलं. मग नवं मॅस्टिक म्हणून ब्यूटाइल रबराची चिकट फीत आणि गंज न धरणारे नवे स्क्रू. ॲल्युमिनियमची पट्टी परत आवळताना दोन्ही कडांनी मॅस्टिक सलग बाहेर यायला हवं. जिथे येत नाही, तिथे पोकळी आहे.

वरून सिलिकॉन फासू नका, ही माझी कळकळीची विनंती. आतली फट तशीच राहते, शिरलेलं पाणी कोंडतं आणि पुढे त्या सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही.

ओल डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नसेल, तर ओलावा मोजणारा मीटर घ्या. त्याच्या दोन सुया लाकडाचा विद्युतरोध मोजतात. ओलं लाकूड वीज जास्त वाहू देतं. आकडा 15 टक्क्यांच्या आत असला तर ठीक. 20 च्या वर गेला, की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळू लागतो. आम्ही ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये चारही कोपरे मोजतो आणि आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो.