५५५ चं सिंथ किट नेणाऱ्यांसाठी : तो एक-केचा रेझिस्टन्स काढू नका

“काका, आवाजच येईना गेलाय. आयसी खराब निघाली.”

शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की आमच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता हा कागद किटच्या पिशवीतच घालतो. सिंथ म्हणजे सूर काढणारं यंत्र, आणि ५५५ हे त्यातल्या आठ पिनांच्या आयसीचं (चिपचं) नाव. जोडणीची आकृती किटमध्ये आहे. ब्रेडबोर्ड कसा चालतो, आयसीची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडून पहिली पिन १ नंबरची, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

परत आलेल्या बहुतेक आयसी एकाच कारणानं जळालेल्या असतात. पिन ८ आणि पिन ७ यांच्यामध्ये जो १ केचा (१००० ओहमचा) रेझिस्टन्स आहे (पट्टे तपकिरी-काळा-लाल), तो कुणीतरी काढलेला असतो. “एवढुसा तर आहे, त्यानं काय होतंय” म्हणून तिथं वायर टाकतात. नाहीतर सूर बदलायचा पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स) त्याच जागी बसवतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण पॉट मधोमध असेपर्यंत सगळं झकास वाजतं. घरी वाजतं, वर्गात वाजतं. मग प्रदर्शनात एखादं पोरगं येऊन पॉट टोकापर्यंत पिळतं आणि आवाज बंद. आयसीवर बोट ठेवलं तर चटका.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा चुकणार नाही. पिन ६ आणि २ एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि तिथून कंडेन्सर मायनसला जातो. कंडेन्सर रेझिस्टन्समधून भरत जातो. बॅटरीच्या व्होल्टेजच्या दोन तृतीयांशावर पोचला की आयसी आतल्या आत पिन ७ मायनसला टेकवते. कंडेन्सर रिकामा होत एक तृतीयांशावर आला की ती पिन सोडते, पुन्हा भरणं सुरू. हे भरणं-रिकामं होणं सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा झालं की स्पीकरमधून सूर निघतो. आता बघा, पिन ७ मायनसला टेकलेली असते तेव्हा तिच्यात आणि प्लसमध्ये फक्त तो १ के उभा असतो. तो असला तर ९ व्होल्टवर तिथून ९ मिलिअँपिअर जातात, आयसीला त्याचं काहीच नाही. तो काढला, किंवा पॉट शून्यावर नेला, की प्लस-मायनस थेट आयसीच्या पोटात शॉर्ट. नऊ व्होल्टची चपटी बॅटरी असेल तर कधी कधी आयसी वाचते, कारण त्या बॅटरीत दमच कमी. अडॅप्टरवर वाचत नाही.

जिंतूरहून एक पोरगा एसटीनं आला होता, आगपेटीत चार आयसी घेऊन. चारही टेस्टरवर लावल्या, तीन गेलेल्या. म्हटलं, बोर्ड दाखव. पॉट बरोबर ८ आणि ७ च्या मध्ये. “व्हिडिओत असंच होतं ओ काका.” त्याच पॉटला १ के सिरीजमध्ये लावून दिला, वाचलेली चौथी आयसी बसवली, वाजायला लागलं. येण्या-जाण्याच्या तिकिटात अशा कितीतरी आयसी आल्या असत्या.

आता आमच्या नियमाबद्दल. विकलेली आयसी आम्ही परत घेत नाही, आणि यावरून वाद होतात. पण प्रत्येक आयसी देताना ती तुमच्यासमोर टेस्टर बोर्डवर चढवतो आणि लाल एलईडी लुकलुकताना दाखवतो. गर्दी असली तरी दाखवतो. इथून चालू गेलेली वस्तू घरी जळाली तर ती आम्ही कुठं लावायची? काही जण ऑनलाइन स्वस्तात मागवतात आणि नाही जमलं की आमच्याकडं, परभणीत, येतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात ते उगाच नाही. त्यांनाही सांगतो, बोर्ड तपासायचे पैसे घेत नाही.

सुराचं विचारणारेही बरेच असतात. सूर ठरतो पिन ७ आणि ६ मधल्या रेझिस्टन्सवर. १.४४ ला (८-७ मधला रेझिस्टन्स + ७-६ मधल्याची दुप्पट) गुणिले कंडेन्सर यानं भागा, ओहम आणि फॅरॅड धरून. १ के, २७ के आणि ०.१ मायक्रोफॅरॅड धरलं तर २६२ हर्ट्‌झच्या आसपास येतं, म्हणजे हार्मोनियमची मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिथं सा धरला तर २४ के ला रे आणि १८ के ला जवळपास पा. वरच्या सा ला १३.२५ के लागतो, तो बाजारात मिळत नाही. म्हणून किटमध्ये प्रत्येक बटणाला प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पॉट) दिलाय. भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्या बुवांनी ऐकून सांगितलं, “सूर लागतोय, पण कर्कश आहे.” खरं आहे. चौकोनी लहर आहे ती, गोड लागणार नाही.

किटमधला कंडेन्सर हिरवा मायलर (प्लास्टिक फिल्मचा) आहे, १०४ जे, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅड. साधी तपकिरी चकती (सिरॅमिक कंडेन्सर) स्वस्त पडते, पण तशा बहुतेक चकत्या गरम झाल्या की त्यांची क्षमता उतरते आणि सूर चढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी लावलेला सा दुपारी सा राहत नाही. बॅटरी थोडी उतरली तर मात्र सूर फारसा हलत नाही, कारण दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश हे तिच्याच प्रमाणात ठरतात. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी हे डिझाइन केलं, १९७२ मध्ये आयसी बाजारात आली आणि अजून तीच विकतोय.

अडॅप्टर वापरायचा तर ९ व्होल्टचा, रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा). जुना ट्रान्सफॉर्मरवाला १२ चा अडॅप्टर मोकळा मोजला तर १६ च्या वरही दाखवतो, आणि साध्या ५५५ ची मर्यादा १६ च आहे. स्पीकरच्या वाटेतला १० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर उलटा लावू नका, प्लस बाजू पिन ३ कडे.

सुट्या वस्तू घेतल्या तर किटपेक्षा थोड्या स्वस्त पडतात, हे लपवत नाही. किटमध्ये आयसी बेस आणि एक जादा आयसी येते, आणि तो १ केही आम्ही सोबतच देतो. हे वाजलं की ५५६ घ्या. त्यात दोन ५५५ एकाच चौदा पिनांत असतात, एकीनं दुसरीला छेडलं की पायऱ्या-पायऱ्यांचे मजेशीर आवाज निघतात.

काही बिघडलंच तर येताना नुसती आयसी आणू नका, बोर्ड जसा आहे तसा आणा, वायरी न काढता. रविवारी दुकान बंद असतं.