पाटावर कोण बसलंय?

गिरणा नदीच्या पाटाचं पाणी रब्बीत आमच्या चारीला, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याला, यायचं ते पाळीने, आणि आमची पाळी बहुतेक वेळा रात्रीची. खांद्यावर पावडं, हातात बॅटरी, पायाखाली थंडगार चिखल. वेळ संपत आलेली असायची आणि हरभऱ्याचे दोन वाफे अजून कोरडेच. अशा वेळी कुणाच्याही मनात येतं: वाफ्यात पाणी सोडणारं दारं अजून अर्धा तास असंच राहू दिलं तर कुणाला कळणार आहे? वडिलांच्याही मनात येत असणार. पण तेवढ्यात बांधावर विडीचा लाल ठिपका हलायचा आणि पुढच्या पाळीवाल्याचा आवाज यायचा, ‘‘भाऊ, मी आठेच शे.’’ म्हणजे, मी इथेच आहे. वडील मुकाट्याने दारं बांधायचे आणि पाणी पुढे सोडायचे.

तिथे ना पोलीस होता, ना दंडाची पावती. तरी नियम पाळला जायचा. शिक्षेची भीती माणसाला नेमकी कशी रोखते, हे समजून घ्यायचं तर मला त्या बांधापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

नियम मोडले जाऊ लागले की आपल्याकडे पहिली मागणी येते ती शिक्षा कडक करा ही. इटलीतल्या चेझारे बेक्कारियाने 1764 मध्येच याच्या उलट मत मांडलं होतं: शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला जास्त रोखते, आणि ती गुन्ह्यापाठोपाठ लगेच मिळायला हवी. पुढे 1968 मध्ये गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार हिशेबात बसवला. दंड 1000 रुपये असेल, पण हजारात एकदाच पकडलं जाणार असेल, तर सरासरी धाक एका रुपयाचा. दंड 100 रुपये आणि दर दोन वेळांत एकदा पकडलं जाणार असेल, तर तोच धाक 50 रुपयांचा.

अर्थात कुणी गाडीला किक मारताना असा गुणाकार करत बसत नाही. आपण अनुभवावरून अंदाज बांधतो. एकदा नियम मोडला, काही झालं नाही. दहादा मोडला, तरी काही झालं नाही. मग कायद्याच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मनातला धाक उतरत जातो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे ऑक्टोबर 1967 मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध नवा कायदा आला आणि पोलिसांच्या हाती श्वास तपासायचं यंत्र आलं. त्याची एवढी चर्चा झाली की आता आपण सुटत नाही, असं चालकांना मनापासून वाटलं. अपघात झपाट्याने घटले, त्यातही आठवड्याअखेरच्या रात्रींचे. पण तपासण्या प्रत्यक्षात फार होत नव्हत्या. हळूहळू लोकांच्या ते लक्षात आलं आणि अपघात पुन्हा वाढू लागले. कायदा तोच होता, शिक्षाही तीच होती. बदलला होता तो फक्त पकडले जाण्याचा अंदाज.

हे आपल्या रस्त्यावर रोज दिसतं. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीने हेल्मेट न घालण्याचा दंड 100 वरून 1000 रुपयांवर गेला. तरीही जळगावात चौक जवळ आला की कोपरातलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि चौक मागे पडला की परत कोपरात येतं. समोरून येणारा अनोळखी माणूस दिवा मारून ‘पुढे उभे आहेत’ असं कळवतो, तेव्हा त्याच्या मनात उपकाराचीच भावना असते. पण त्या उपकाराने आपण एकमेकांची डोकी उघडी ठेवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दंड कधीकधी उलटाही पडतो. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावून पाहिला. उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे भरले की झालं! पुढे दंड रद्द केला, तरी गेलेली लाज परत आली नाही.

आता पांझरा नदीकडे या. धुळे जिल्ह्यातली फड पद्धत काही शतकं जुनी आहे. नदीवर बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटायची आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी देणार पाटकरी, राखण करणार जागल्या. शेतकऱ्याने स्वतः दाऱ्याला हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमातली हुशारी बघा. कुणी किती वेळ पाणी घेतलं, हे मोजत बसायची गरजच उरत नाही. पाटकऱ्याशिवाय कुणी दाऱ्यापाशी वाकलेला दिसला, की चोरी उघड. त्यात अख्ख्या फडात पीक एकच, त्यामुळे जास्त पाणी प्यायलेला तुकडा लांबूनही वेगळा दिसणार. चोरी पकडायची सोय पाणीवाटपातच करून ठेवलेली आहे.

एलिनोर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: राखण करणारे हे ती व्यवस्था वापरणाऱ्या लोकांतलेच किंवा त्यांना बांधील असतात, आणि पहिल्या चुकीची शिक्षा हलकी असते, ती चुकीगणिक वाढत जाते. स्पेनमधल्या वालेन्सियात पाण्याचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं पंचमंडळ आजही दर गुरुवारी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत बसतं. पाळीबद्दलचं ऑस्ट्रॉम यांचं निरीक्षण तर आमच्या चारीवरच केल्यासारखं आहे. पाळी असली की पुढचा माणूस वेळेआधी येऊन उभा राहतोच, स्वतःच्या पाण्यासाठी. वेगळा पगारी राखणदार लागत नाही.

वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि पांझरेवरचे बरेच फड मोडकळीला आले. आमच्या चारीवरही आता ज्याच्या त्याच्या बांधावर मोटार आहे. पाळीची वाट बघत रात्री कुणी बसत नाही. बोअरमधून कोण किती उपसतो, ते जमिनीखाली चालतं. तिथे बांधावरून कुणाला काही दिसत नाही. पाण्याची पातळी खाली गेली, की सगळ्यांना एकदमच कळतं.