चार्ल्स के. हॅरिस

चार्ल्स के. हॅरिस (१८६७–१९३०) हा अमेरिकन गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर. त्याच्या 'आफ्टर द बॉल' (बॉल म्हणजे नाचाची पार्टी) या गाण्याच्या छापील प्रती पन्नास लाखांवर खपल्या असं सांगतात, आणि गंमत म्हणजे साहेबांना नोटेशन (स्वरलिपी) लिहिता येत नव्हतं, चाल सुचली की गाऊन दाखवायची आणि ती कागदावर उतरवायला दुसरा माणूस.

जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीचा, पण करिअर सुरू झालं मिलवॉकीत. तिथे तो बँजो वाजवायचा, आणि ऑर्डरप्रमाणे गाणी लिहून मिळतील अशी पाटीच लावलेली होती. सुरुवातीचं एक गाणं न्यूयॉर्कच्या विटमार्क कंपनीने छापलं, त्याची रॉयल्टी आली ८५ सेंट! मग त्याने ठरवलं की आपली गाणी आपणच छापायची. तेव्हा घरोघरी फोनोग्राफ नव्हते, लोक शीट म्युझिक, म्हणजे गाण्याचं छापील नोटेशन, विकत आणून घरच्या पियानोवर वाजवायचे, त्यामुळे खरा पैसा छापणाऱ्याकडेच जायचा.

'आफ्टर द बॉल' १८९२ मध्ये आलं. तीन कडव्यांची गोष्ट आहे: छोटी पुतणी म्हाताऱ्या काकाला विचारते की तू लग्न का नाही केलंस, आणि तो सांगतो की एका डान्सच्या रात्री प्रेयसीला परक्या पुरुषाने किस करताना पाहिलं आणि तिचं काही ऐकूनच घेतलं नाही. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कळतं की तो तिचा भाऊ होता. शब्द अगदीच बाळबोध आहेत, पण ध्रुवपदाची वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाची) चाल एकदा डोक्यात बसली की निघत नाही.

पहिल्यांदा गाताना गायक शब्दच विसरला आणि गाणं पडलं. मग 'अ ट्रिप टू चायनाटाउन' हे गाजलेलं नाटक मिलवॉकीत आलं तेव्हा हॅरिसने त्यातल्या जे. ऑल्ड्रिच लिबी या गायकाला ५०० डॉलर आणि वर विक्रीत वाटा कबूल करून गाणं नाटकात घुसवलं, कव्हरवर फोटोही त्याचाच छापला. नाटकाच्या कथेशी गाण्याचा काडीचा संबंध नव्हता, पण पब्लिकने डोक्यावर घेतलं आणि लवकरच बॉस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या शीट म्युझिक विकणाऱ्या कंपनीने ७५,००० प्रतींची ऑर्डर दिली. १८९३ च्या शिकागो वर्ल्ड फेअरमध्ये सूसा या प्रसिद्ध अमेरिकन बँडमास्टरच्या बँडने ते वाजवलं आणि तिथे आलेले लोक हीच चाल गुणगुणत घरी गेले. माझ्या मते हॅरिसचं खरं टॅलेंट लिहिण्यापेक्षा विकण्यातच होतं.

नंतर फॉर्म्युला तोच, रडवायचं. 'ब्रेक द न्यूज टू मदर' (१८९७) मध्ये मरणारा कोवळा सैनिक, 'हॅलो सेंट्रल, गिव्ह मी हेवन' (१९०१) मध्ये मेलेल्या आईशी बोलायला स्वर्गाचा फोन जोडून मागणारी पोर. ही पण जोरात चालली. हिट गाणं कसं लिहावं यावर त्याने १९०६ मध्ये पुस्तकही काढलं. पुढे रॅगटाइम आणि जॅझ हे उडत्या ठेक्याचे संगीतप्रकार आले आणि अशी रडकी गाणी मागे पडली, तरी १९२७ च्या 'शो बोट' या म्युझिकलमध्ये 'आफ्टर द बॉल' जुन्या जमान्याची आठवण म्हणून वापरलं गेलं. १९२६ मधल्या त्याच्या आत्मचरित्राचं नावही 'आफ्टर द बॉल'च आहे.