साखर साडेपाच?

रक्तातली साखर ५.५. आपल्याकडची नर्सिंगची विद्यार्थिनी हा आकडा ऐकून आधी ग्लुकोमीटरवरच संशय घेईल. लंडनमधल्या विद्यार्थिनीला मात्र यात काहीच वावगं दिसणार नाही. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून ५.५ ला १८ ने गुणलं की आपले ओळखीचे ९९ येतात. नावांचाही असाच घोळ: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार तेव्हा जगात २.७९ कोटी परिचारिका-परिचारक होते आणि दर आठांपैकी एक जण जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करत होता. त्यामुळे हा घोळ कॉलेजातच भेटलेला बरा. त्यासाठीची एक पद्धत म्हणजे ‘कॉइल’, दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकण्याची. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात २००६ मध्ये तिचं केंद्र सुरू झालं, तेही सिनेमा शिकवणाऱ्या जॉन रुबिन यांच्या पुढाकाराने! नर्सिंगने ती नंतर उचलली. दोन देशांतले शिक्षक आपापल्या विषयातले काही आठवडे एकत्र बांधतात. विद्यार्थी आधी ओळख करून घेतात आणि मग गटाने एकच काम करतात.

समजा, पक्षाघात झालेल्या एका काल्पनिक आजोबांचा केअर प्लॅन, म्हणजे शुश्रूषेचा आराखडा, लिहायचा आहे. आपल्या वॉर्डात भरवणं, अंग पुसणं, रात्री उशाशी बसणं नातेवाइकांकडे इतकं सहज जातं, की प्लॅनमध्ये त्याची ओळही नसते. ब्रिटनमध्ये हे बहुतेक नर्स आणि त्यांच्या मदतनिसांचं काम. तिकडून प्रश्न येतो, “नातेवाईक नसतील तर?” इकडून उलटा प्रश्न जातो, “घरी गेल्यावर त्यांना कुशीवर कसं वळवायचं, हे मुलाला कोण शिकवणार?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि एकाच देशाच्या वर्गात ते क्वचितच निघतात. माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई हीच. परदेशी मैत्री वगैरे वरचा नफा.

मर्यादाही आहेत. सलाईन लावायला हात बसतो तो वॉर्डातच, त्याला स्क्रीनचा उपयोग नाही. शिवाय फाडफाड इंग्रजी बोलणारे विद्यार्थी अख्ख्या गटाचा ताबा घेतात. म्हणून आधी लिहून, मग बोलणं बरं. आणि वेळ! जोडीचा वर्ग न्यूयॉर्कचा असेल, तर तो आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे जातात, त्या आठवड्यात भारतातला गट हमखास तासभर आधीच लॉगिन करून बसतो.